तुंबलेली न्हाणी

“हात घालणार कोण?” वन्संनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे पाहिलं.

न्हाणीत घोटाभर पाणी साचलं होतं. वर साबणाचा करडा फेस, आणि पाय घासायचा दगड त्यात बुडालेला. दसरा होऊन पाच दिवस झाले होते. रविवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते आणि चार वाजता निपाणीचे गुंजीकर आमच्या निरूला बघायला येणार होते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, बकुळाबाई. नवरा गेल्यापासून त्या गडहिंग्लजला आमच्याकडेच राहत होत्या. गुडघे धरल्यामुळे न्हाणीची उंच पायरी त्यांना चढवत नसे. आंघोळ परसात दगडावर, साडीचा आडोसा करून. पण न्हाणीत काय चाललंय यावर घरात कुणाचं लक्ष असेल तर ते त्यांचंच.

“मिस्त्री नाही मिळाला?” मी यांना विचारलं.

हे तालुका कचेरीत अव्वल कारकून होते. लेंगा पोटरीपर्यंत वर दुमडून उंबऱ्याच्या अलीकडे उभे होते. “जाऊन आलो. सासुरवाडीला गेलाय बेळगावला. उद्या येतो म्हणे.”

“उद्या येऊन काय करायचंय?” वन्सं म्हणाल्या. “निपाणीची माणसं ती, तंबाखूची. दारात पाय ठेवल्या ठेवल्या चूळ भरायला जागा विचारतील. दाखव म्हणावं हे तळं. आणि तुंबेल नाही तर काय होईल? रोजचा बेल, रोजच्या दूर्वा, रोजच्या अक्षता. देवाला वाहायचं आणि मोरीत सोडायचं. हा सगळा हिच्या नेमांचा गाळ आहे, दुसरं काही नाही.”

निर्माल्याचं एक पान मी कधी मोरीत जाऊ दिलं नव्हतं. रोजचं निर्माल्य टोपलीत, आणि टोपली केळीच्या बुंध्याशी. तेवीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

“वन्सं, मी निर्माल्य केळीला घालते,” मी म्हटलं.

“काय म्हणालीस?”

माझा आवाज बारीक. चुलीपलीकडे जात नाही, असं माझ्या सासूबाई चारचौघींत कौतुकानं सांगायच्या. मलाही त्याचं भूषण वाटायचं. घरात कुणीही मला एकदा तरी “काय म्हणालीस?” विचारल्याशिवाय राहत नसे, आणि दुसऱ्यांदा तेच सांगण्यासारखं काही उरलेलं नसे.

“काही नाही,” मी म्हटलं आणि पदर खोचला.

आता नेमांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

निरू दहावीत असताना तिला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस ताप हटेना. त्या दिवसांत मी देवीपुढे लाख वातींचं व्रत बोलले. लेक उठू दे, चांगल्या घरी पडू दे, लाख फुलवाती वळून तुझ्यापुढे लावीन. लेक उठली. तिच्या पथ्याचा भात उतरवला त्या संध्याकाळी मी पहिली वात वळली. रोज सत्तर. शंभराची जुडी दोऱ्यानं बांधायची आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायची. दहा जुड्या झाल्या, म्हणजे हजार, की देव्हाऱ्यातल्या वाटीत एक चिंचोका टाकायचा. शंभर चिंचोके झाले की लाख. चार वर्षांचं काम.

यांना त्या व्रताचा फार अभिमान. कचेरीत सांगत, पत्रांतून लिहीत. “लाख झाले की उद्यापन, आणि उद्यापनाच्या मांडवातच निरूचं लग्न. मेहुणांच्या पंक्तीत लेक-जावई जोडीनं बसवायचे.” गुंजीकरांनाही त्यांनी तसंच लिहिलं होतं, मार्गशीर्षाचा मुहूर्त घालून.

पण त्या आषाढात वाटीत सत्त्याण्णव चिंचोके झाले, म्हणून हौसेनं पेटी उपसली, तर जुड्या भरल्या चौऱ्याऐंशी हजारांच्या. तेरा हजार वाती कमी. तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा तेच. मला वाटलं, आपणच चुकून जास्त चिंचोके टाकले. हात देवाजवळ आणि मन दुसरीकडे, त्याशिवाय इतकी चूक होईल कशी? हजाराला एक असे तेरा दिवस मी एकभुक्त राहिले. नाक घासून देवीची क्षमा मागितली. आणि रोजच्या सत्तराच्या दोनशे केल्या, दुपारची झोप सोडून. मांडीवर वळून वळून कातडी सोलवटली.

तर त्या रविवारी मी पदर खोचून न्हाणीत उतरले. आधी घागरभर उकळतं पाणी ओतलं. ते तसंच उभं राहिलं. मग धुण्याचा सोडा. मग परसातल्या वेलाच्या मांडवाची बांबूची एक कामटी घेतली आणि जाळी काढून आत सारली. हातभर गेली आणि मऊ कशाला तरी टेकून थांबली.

“डावीकडून,” हे दारातून म्हणाले. “अगं, डावीकडून ढकल. जोर लाव.”

“तुम्ही धरता का जरा?” मी म्हटलं.

“काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“डावीकडून,” ते पुन्हा म्हणाले, आणि पेढे आणायला बाजारात निघून गेले. जाताना माझ्या अंगावर लेंग्याचे पाय झटकले नाहीत एवढंच.

राग कसा असतो ते मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं असं नाही. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना मी त्यातच थोडा ओतून टाकत असे. पण त्या दिवशी तांब्या लहान पडला.

न्हाणीच्या भिंतीबाहेर परसात एक फरशी होती. तिच्याखाली चौकोनी खड्डा. न्हाणीचं पाणी भिंतीतल्या पाइपातून तिथं पडायचं आणि तिथून गल्लीच्या गटारात जायचं. पहार घालून मी ती फरशी एकटीनं उचकटली. खड्डा कोरडा होता. म्हणजे जे अडकलं होतं ते पाइपातच होतं. मी पोटावर पालथी झाले. नुकती पूजा केलेला, गंधाचा वास असलेला उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

वन्सं दुरून म्हणाल्या, “बांगड्या काढायच्या होत्यास की!”

बोटांना काहीतरी लागलं. बुळबुळीत, पण तुटेना. मी मूठ आवळली आणि मागं हिसका दिला. पहिल्यांदा चिमूटभर आलं. मग मूठभर. मग आतून एकदम गडगडाट झाला आणि न्हाणीतलं सगळं तळं माझ्या हातावरून, तोंडावरून, छातीवरून त्या खड्ड्यात कोसळलं.

“निघालं!” वन्सं ओरडल्या. “बघू, काय होतं? बेलाची पानं ना?”

मी तोंड पुसलं. मुठीत करडा लगदा होता. केस असे नसतात. चिंधी अशी नसते. बाजूला धुण्याची बादली होती, तिच्यात मी मूठ बुडवली आणि हलवली. लगदा सुटला. एक वर आली. मग चार. मग पाण्याच्या तोंडावर त्या दाटीवाटीनं तरंगायला लागल्या.

फुलवाती.

वात कुणाची ते वळणारीला कळतं. माझी आई शेंडीला दीड पीळ द्यायची आणि टोक जरासं डावीकडे मोडायची. मीही तसंच करते. गल्लीत दुसरं कुणी करत नाही. बादलीतल्या प्रत्येक वातीचं टोक डावीकडे मोडलेलं होतं.

पेटी आणि न्हाणी यांच्यात दोन खोल्या होत्या. वाती चालत गेल्या नव्हत्या. जुडीचा दोरा कुणीतरी सोडला होता.

मी उठले. ते तेरा दिवस मला आठवले. संध्याकाळी मी नुसत्या पाण्यावर राहायची, आणि वन्सं माझ्यासमोर बसून लोण्याशी थालीपीठ मोडत असायच्या. “तुझं मेलीचं ध्यानच नसतं,” म्हणायच्या. मूठभर ओल्या वाती घेऊन मी तशीच, नखशिखांत गटारातली, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. वन्सं एव्हाना पोहे निवडायला बसल्या होत्या.

“अगं अगं! त्या हातानं आत कुठं येतेस? सगळं विटाळशील!”

“वन्सं,” मी म्हटलं. “न्हाणीत हे कुणी—”

“मला काय विचारतेस? त्या पायरीवर आठ महिन्यांत पाय नाही ठेवला मी. तुझ्या लेकीला विचार. अर्धा अर्धा तास कडी लावून बसते आत. मी रोज म्हणते, न्हाणीत काय संसार मांडलास का गं? घातले असतील केस विंचरून.”

आमच्या घरात आतून कडी लागणारं एकच दार होतं, न्हाणीचं.

निरू मधल्या खोलीत आरशासमोर उभी होती. माझी मोरपंखी इरकल तिला नेसवून वन्संनी मघाशी ‘बरी दिसतेस’ म्हटलेलं असावं. तिनं आरशात मला पाहिलं. मग माझी मूठ पाहिली. चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण ती हलली नाही.

“चल,” मी म्हटलं.

मी तिला न्हाणीत नेलं आणि कडी लावली. जमीन आता रिकामी होती, ओली, वास मारणारी. तिनं इरकलीचे काठ दोन्ही हातांनी वर धरले. आणि आम्ही मायलेकी तिथं भांडलो. कुजबुजत. पलीकडे वन्सं होत्या, हे कुठल्याही क्षणी येणार होते. आयुष्यात इतकी कडाकडा मी कधी भांडले नाही, आणि त्यातला एक शब्द दाराबाहेर गेला नाही.

“कधीपासून?”

“बारावीच्या सुट्टीपासून.”

“किती?”

“मी नाही मोजल्या. मोजायला तू होतीस.”

मी हात उचलला. हात गटाराचा होता आणि तिच्या अंगावर इरकल कोरी होती. मी थांबले ते साडीसाठी, लेकीसाठी नव्हे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

“तेरा दिवस एकभुक्त राहिले मी. तुझ्या डोळ्यांसमोर. माझं चित्त देवाजवळ नाही म्हणून रडले. आणि तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“ठाऊक होतं आणि दोन वेळा जेवत होतीस?”

“नव्हते जेवत.” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “तेरा रात्री ताटावरनं उठले. आत्यानं विचारलं, पोट बिघडलंय का. तू नाही विचारलंस. तू वाती वळत होतीस.”

“तुझ्यासाठीच वळत होते ना!”

“माझ्यासाठी? तू रोज माझ्यासमोर बसून माझं लग्न वळत होतीस, आई. सत्तर आज, सत्तर उद्या. मी प्रॅक्टिकलची वही लिहायला बसले की समोर तू. दोन लिहिल्या ओळी की तुझ्या चार वाती. वाटीत चिंचोका पडला की टक्क वाजायचं, ते मला झोपेत ऐकू यायचं. आणि आषाढापासून तर दोनशे! मी एवढ्या टाकू तरी कशा?”

“देवाच्या वाती मोरीत घालताना हात नाही झडला तुझा?”

“झडेल असं वाटायचं. रोज वाटायचं. तरी घातल्या.”

“आणि तोंड? तोंड दिलं नव्हतं देवानं? सांगता येत नव्हतं मला?”

निरूनं इरकलीचे काठ सोडून दिले. ते ओल्या जमिनीवर पडले.

“तीनदा सांगितलं. एकदा तुळशीपाशी. एकदा अंबाबाईच्या देवळातनं येताना. आणि बारावीच्या वर्षी, गौरी जेवल्या त्या दुपारी. तिन्ही वेळा तू एकच म्हणालीस. हळू बोल, बाबा ऐकतील.”

मला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि आठवलं. तिन्ही वेळा आठवल्या. गौरीच्या दुपारी तिनं माझा हात धरला होता, माझ्या हाताला पुरण लागलं होतं. “आई, बी.एस्सी. होऊ दे मला, पुढं दोन वर्षं कोल्हापूरला शिकू दे. मग कुणाच्याही गळ्यात बांधा.” आणि मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून म्हटलं होतं, हळू बोल. ती हळू बोलली. मग आणखी हळू. मग कडी लावून पाण्याशी बोलायला लागली.

दारावर थाप पडली. “निघालं का पाणी?” हे पेढे घेऊन आले होते.

मी कडी काढली. निरूला मागं ठेवलं आणि मूठ पुढं केली.

“वाती होत्या,” मी म्हटलं. “माझ्याच. मी टाकल्या.”

यांना आधी कळलंच नाही. वन्सं मात्र पोह्यांचं सूप घेऊन उठून आल्या. “तू? देवाच्या वाती? का?”

“गणती चुकली होती. व्रत भंगलं होतं. भंगलेल्या व्रताच्या वाती जाळायच्या नसतात, पाण्यात सोडायच्या असतात.”

असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. लहानपणापासून पोथी वाचल्याशिवाय पाणी न पिणारी मी, आणि ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सरळ निघालं की मलाच ते खरं वाटलं.

“मग आता?” हे म्हणाले.

“आता पहिल्यापासून. एक ते लाख.”

“वेड लागलंय? मार्गशीर्षात उद्यापन आहे! मी लोकांना शब्द दिलाय!” मग ते थोडे समजुतीवर आले. पेढ्यांचा पुडा कोनाड्यात ठेवला. “हे बघ. कमी किती पडतात? वाण्याकडे शंभराची पुडी मिळते वातींची. आणतो पोतंभर. पेटी भरून टाक. मोजायला कोण येतंय?”

मी यांच्याकडे पाहिलं. चार वर्षं. पहाटेचं अंग धुणं, ताप असला तरी सत्तर, माझ्या आईचं सुतक फिटल्यावर राहिलेल्या दिवसांच्या धरून रोज दीडशे. मांडीची सोलवटलेली कातडी. पोतंभर.

“देवी मोजते,” मी म्हटलं.

“काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“मग ठीक. पाहुण्यांपुढं यातलं अक्षर काढायचं नाही. जा, आंघोळ कर.”

मी दुसऱ्यांदा आंघोळ केली. पाणी सरसर निघून गेलं. मी ते जाताना ऐकत उभी राहिले.

चार वाजता गुंजीकर आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. माणसं वाईट नव्हती. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. त्याच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला आडवं कुंकू. बाई माझ्यासारखीच नेमधर्माची, हे मला बघताक्षणी कळलं. निरू पोह्यांच्या बशा देऊन पाटावर बसली. इरकलीचा काठ ओला होता. तिनं तो पायाखाली दाबला होता.

“शिवणटिपण येतं?” गुंजीकरांनी विचारलं.

“येतं,” हे म्हणाले.

“पुढं शिकायचं मनात नाही ना काही?”

“छे छे,” हे म्हणाले. “आमच्याकडे तसं नाही.”

निरू माझ्याकडे बघत नव्हती. ती न्हाणीच्या बंद दाराकडे बघत होती.

“बाकी तुमचं मोठं पुण्य हो,” मुलाची आई मला म्हणाली. “लाख वाती म्हणजे काय खायचं काम आहे? मी ह्यांना म्हटलं, त्या मांडवात सून मिळते आहे, आणखी काय हवं! उद्यापन मार्गशीर्षातच ना?”

“हो हो, मार्गशीर्षातच,” हे म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं.

कुणीही मला ‘काय म्हणालीस’ विचारलं नाही. माझा आवाज बैठकीतून ओसरीवर, ओसरीवरून गल्लीत गेला असावा, कारण समोरच्या घरातली सखूबाई खिडकीत आली.

“व्रत भंगलं,” मी म्हणाले. “तेरा हजार वाती मोरीत गेल्या. आज सकाळी ह्या हातानं बाहेर काढल्या. आता पहिल्यापासून लाख वळायच्या. चार वर्षं लागतील. लाख झाल्याशिवाय लेकीचं लग्न नाही, हा आमच्या घराचा शब्द आहे. ह्यांनीच तुम्हाला पत्रात लिहिलाय.”

मुलाच्या आईनं चमचा बशीत ठेवला. “भंगलं?” ती हळूच म्हणाली. तिचा हात आपोआप गळ्यातल्या माळेला गेला. “भंगलेल्या व्रतावर... नको हो. एकुलता एक आहे माझा.”

“आई, चार वर्षं म्हणजे—” मुलगा पहिल्यांदा बोलला.

“तू गप,” ती म्हणाली.

पाहुणे चहाला थांबले नाहीत. त्यांची जीप गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत हे दारात हात जोडून उभे होते. मग दार लावून घेतलं.

“माझ्या तोंडाला काळं फासलंस! दोन महिने मी पत्रं लिहितोय! चार माणसांत—”

“तुम्ही पोतंभर वाती आणणार होतात!” मी म्हटलं. “माझ्या व्रताला! वाण्याच्या! दारात उभे राहून डावीकडून म्हणालात, आणि हात मी घातला! तेवीस वर्षं ह्या घरात जे तुंबतं त्यात हात मी घालते आणि डावीकडून तुम्ही म्हणता!”

हे एक पाऊल मागं सरले. “हळू बोल,” म्हणाले. “गल्ली ऐकतेय.”

“ऐकू दे.”

त्या दिवशी मला बोलता येतं हे कळलं. गोड वाटलं असं नाही. घसा दोन दिवस दुखत होता. हे चार महिने माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही बोलवायला गेले नाही.

संध्याकाळी दिवा लावल्यावर वन्सं माझ्याशेजारी येऊन बसल्या. गुडघे चोळत म्हणाल्या, “चाळीस वर्षं पुराण ऐकतेय मी. भंगलेल्या वाती पाण्यात सोडायच्या, हे मी कुठं ऐकलं नाही.”

“नाही,” मी म्हटलं. “कुठंच नाही.”

त्यांनी समईची वात पुढं सारली. “पोरगी आषाढात तेरा रात्री जेवली नव्हती,” म्हणाल्या. “तुला सांगायचं राहिलं.” मग उठता उठता म्हणाल्या, “कापूस माझ्याकडे आहे चांगला, देवकापूस. पहिल्या वातीला तो घे.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना निरू आणि मी पेटी दोघींत धरून हिरण्यकेशी नदीवर गेलो. आषाढानंतर वळलेल्या मिळून नव्वद हजारांच्या वर वाती असतील. एकेका जुडीचा दोरा सोडायचा आणि पाण्यात ओंजळ रिकामी करायची. पांढरा पट्टा पार वळणापर्यंत गेला. निरू रडत होती. मी रडले नाही. माझा राग गेला नव्हता. तिच्यावरचा होता, यांच्यावरचा होता, आणि सगळ्यांत जास्त ज्या बाईनं तीनदा ‘हळू बोल’ म्हटलं तिच्यावरचा होता. आजही तो सगळा गेलाय असं मी देवापुढे म्हणणार नाही.

पेटी रिकामी झाल्यावर निरूनं विचारलं, “तू खरंच पुन्हा पहिल्यापासून करणार?”

“करणार. देवाच्या नावानं खोटं बोलले. त्याचं प्रायश्चित्त नको?”

“आणि लाख झाल्यावर?” तिनं पाण्याकडे बघत विचारलं. “मग?”

मी कनवटीची पुरचुंडी काढली. देव्हाऱ्यातले चिंचोके येताना बांधून आणले होते. ते तिच्या हातात दिले.

“वळायचं मी,” मी म्हटलं. “मोजायचं तू. तू म्हणशील तेव्हा लाख.”

तिनं पुरचुंडी कॉलेजच्या पिशवीत टाकली. ती पिशवी पुढं तिच्याबरोबर कोल्हापूरला गेली, तिथल्या वसतिगृहात गेली, नंतर ती जिथं शिकवायला लागली त्या शाळेच्या गावी गेली. मी रोज सत्तर वळत राहिले. किती झाल्या, मी कधी मोजलं नाही आणि विचारलंही नाही. यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, गणती माझ्याकडे नाही.

सात वर्षांनी, चैत्रात, तिचं पत्र आलं. आत एका मुलाचा फोटो होता, मागं त्याचं नाव आणि गाव. फोटोबरोबर एका कागदात गुंडाळून शंभरावा चिंचोका. आणि एकच ओळ.

आई, लाख झाले.